एकच गाडी, चार व्हर्जन : जास्तीचे पैसे नेमके कशाचे?



मागच्या व्हिडिओत बोलता बोलता मी म्हणालो होतो, की आपल्या बॅचमधला एक मुलगा माझ्याकडं स्पोर्ट्स गाडीचं व्हर्जन निवडायला आला होता. पुढं काय झालं ते सांगायचं राहून गेलं. तेव्हापासून दुकानात येणारा दर दुसरा माणूस विचारतोय, "मग घेतली का त्यानं?" म्हणून आज सविस्तर लिहितो. व्हिडिओत आकडे पळतात, इथं ते थांबून बघता येतात. वही-पेन जवळ घेऊन बसा.

गोष्ट २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावरची. आमच्या शिरूर कासारात तेव्हा रब्बीची गडबड सुरू होते. दुकानात सबमर्सिबल, केबल, स्टार्टर, पाइप यांची ये-जा. हा मुलगा काउंटरच्या कडेला अर्धा तास उभा. गर्दी कमी झाली तसा पुढं आला.

"सर, एक विचारू का? हसायचं नाही."

मोबाइल पुढं केला. त्यात स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. नवीन आरएसच्या भारतासाठी फक्त १०० गाड्या आल्या होत्या आणि किंमत जाहीर व्हायच्या आधीच सगळ्या बुक झाल्या होत्या. ती तर हातातून गेलीच होती. पण त्याला जुन्या बाजारात २०१७ ची आरएस २३० सापडली होती. मालक २१ लाख मागत होता. त्याच जाहिरातीखाली त्याच वर्षाची साधी १.८ ऑक्टाव्हिया होती, ११ लाखांना.

"दिसायला तर सारख्याच आहेत, सर. मग कोणतं व्हर्जन घेऊ?"

हा मुलगा दोन पिकअप चालवतो. एक स्वतः, एकावर ड्रायव्हर. कांदा, कापूस, किराणा, जे मिळेल ते भाडं. घर वडिलांच्या शेतीवर चालतं, म्हणून चार वर्षांत त्यानं सहा लाख साठवले होते. आणि ते सहा लाख खिशात गरम झाले होते.

मी हसलो नाही. कारण प्रश्न चांगला होता. दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तूंमध्ये दहा लाखांचा फरक का, हा प्रश्न ज्याला पडतो त्याला धंदा कळायला लागलेला असतो. आता उत्तर बघू.

आधी गाडी समजून घेऊ

ही गाडी आपल्याला परकी नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला आणि तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी ऑक्टाव्हियाच. तिची दणकट बहीण म्हणजे आरएस. भारतात ती पहिल्यांदा २००४ मध्ये आली, १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन घेऊन.

आपल्या मुलाला हवी होती ती २०१७ ची. त्या वर्षी ऑक्टाव्हिया चार प्रकारांत मिळायची. आकडे लिहून घ्या:

– १.४ लिटर पेट्रोल : १५० पीएस ताकद, २५० एनएम टॉर्क
– १.८ लिटर पेट्रोल : १८० पीएस, २५० एनएम
– २.० लिटर डिझेल : १४३ पीएस, ३२० एनएम
– आरएस, २.० लिटर पेट्रोल : २३० पीएस, ३५० एनएम

ताकद, म्हणजे पीएस, ही गाडी किती वेगानं पळू शकते ते ठरवते. टॉर्क म्हणजे ओढ. भरलेली पिकअप घाट चढताना कामाला येते ती ओढ. आता डिझेलकडं बघा. ताकदीत ती चौघींत सगळ्यात खाली, पण ओढीत दोन्ही साध्या पेट्रोल गाड्यांच्या वर. म्हणजे "सगळ्यात भारी कोणती?" याचं एक उत्तर नाहीच. काम सांगा, मग उत्तर सांगतो.

नव्या गाडीची शोरूम किंमत तेव्हा साधारण साडेपंधरा लाखांपासून सुरू व्हायची आणि आरएस २४ लाख ६२ हजारांना होती. मधल्या नऊ लाखांत काय मिळायचं? मोठं इंजिन, त्याला झेपेल असा गिअरबॉक्स, जास्त पकड असलेले ब्रेक, खाली बसवलेलं कडक सस्पेन्शन, आणि मग सीट, स्टिअरिंग, लाल शिलाई, आरएसचा बिल्ला वगैरे.

पुढं काय झालं तेही बघा. २०२० मध्ये आरएस २४५ आली, २०० गाड्या, ३५ लाख ९९ हजार. २०२५ मध्ये २६५ पीएसची आली, १०० गाड्या, ४९ लाख ९९ हजार. या दोन्ही पूर्ण तयार होऊन परदेशातून आल्या, म्हणजे त्यावर आयात कराचा मोठा बोजा. ताकद २३० वरून २६५ झाली आणि किंमत दुप्पट. यातले किती पैसे गाडीचे आणि किती वाटेतल्या कराचे, हा हिशोब घेणाऱ्यानं स्वतः करायचा असतो. शोरूमवाला करून देत नाही.

वरचं व्हर्जन आणि वेगळं व्हर्जन

आपल्या डोक्यात एक शिडी पक्की बसलीय. खाली बेस, मध्ये मिडल, वर टॉप. टॉप म्हणजे सगळ्यात चांगलं. मोबाइलपासून ट्रॅक्टरपर्यंत आपण असंच बघतो.

ही शिडी कुठं मोडते ते बघायचं असेल तर पोर्शे ९११ बघा. ही गाडी १९६३ मध्ये जगासमोर आली आणि आजही तिची नवी नवी व्हर्जन निघतात. २०१८ च्या शेवटी आलेल्या पिढीतली तीन घ्या. साधी कॅरेरा ३८५ पीएस. जीटी३ ५१० पीएस. टर्बो एस ६५० पीएस. शिडीच्या हिशोबानं टर्बो एस सगळ्यात वर. थांबलेल्या गाडीपासून १०० च्या वेगाला ती २.७ सेकंदांत जाते, जीटी३ ला ३.४ लागतात.

पण जर्मनीत नुर्बुर्गरिंग नावाचा साधारण २१ किलोमीटरचा वळणावळणांचा ट्रॅक आहे. तिथं जीटी३ नं पूर्ण फेरी सात मिनिटांच्या आत मारली. टर्बो एसला सात मिनिटं सतरा सेकंद लागले. १४० पीएस कमी असूनही जीटी३ पुढं! कारण ती सुमारे २०० किलोनं हलकी आहे, मागच्या चाकांवर चालते आणि तिचं सस्पेन्शन, हवेचा दाब, ब्रेक हे सगळं ट्रॅकसाठीच बसवलेलं. मागची सीटसुद्धा काढून टाकलेली. याउलट रोज ऑफिसला जायचं, पावसात जायचं, सामान घेऊन लांब जायचं, तर टर्बो एस. जीटी३ ही टर्बोच्या खालची नाही. ती वेगळ्या कामाची आहे.

याच गाडीचं कॅरेरा टी नावाचं एक व्हर्जन आहे. इंजिन साध्या कॅरेराचंच, तेच ३८५ पीएस. काच पातळ, आवाज अडवणारं अस्तर कमी, मागच्या सीट नाहीत. आणि किंमत साध्या गाडीपेक्षा जास्त! काढून घेतल्याचे पैसे जास्त. कारण वजन कमी केलेली, हातानं गिअर टाकायची गाडी हवी असणारं एक गिऱ्हाईक आहे आणि ते त्यासाठी पैसे मोजायला तयार आहे.

हे जर्मनीचं झालं. आता शिरूरच्या काउंटरवर या.

विहिरीला पाणी किती, ते आधी सांगा

दर हंगामात माझ्याकडं असे पाच-सहा शेतकरी येतात. "भाऊ, साडेसात एचपीची द्या. शेजाऱ्यानं तीच टाकलीय."

मी विचारतो, "तात्या, बोअर किती फुटांचं? पाणी कितीवर लागतं? किती इंची चालतं?"

बोअरला पाणी दीड इंची आणि मोटार साडेसात एचपी. काय होतं? मोटार पाणी ओढते भराभरा, झऱ्यातून तेवढं येत नाही, दहा मिनिटांत बोअर कोरडं. कोरडी चालली की मोटार तापते आणि जळते. मग रिवाइंडिंगला. मोटारीत दोष काहीच नव्हता. ती चुकीच्या बोअरमध्ये उतरली होती.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पाच एचपीच्या दोन मोटारी सारख्या नसतात. एकीच्या पंपाला दहा स्टेज, दुसरीला पंधरा. ज्याला स्टेज जास्त तो पाणी उंच फेकतो, पण कमी फेकतो. ज्याला कमी तो जास्त पाणी देतो, पण खोल बोअरमधून वर आणू शकत नाही. एचपी तीच, काम वेगळं. जीटी३ आणि टर्बोची भांडणं आपल्या बोअरमध्ये रोज चालतात बघा.

म्हणून व्हर्जन निवडायचा पहिला नियम: आधी आपला रस्ता मोजा, मग वस्तू बघा. बोअर मोजल्याशिवाय मोटार नाही.

त्या मुलाला मी हेच विचारलं. "तू ही गाडी कुठं चालवणार?"

तो म्हणाला, "बीडला जाईन, गडावर जाईन, कधी नगर, कधी पुणे."

"शिरूर ते भगवानगड आरएस खाली न घासता नेशील? हंगामात पुढं उसाची दोन ट्रॉल्यांची जोडी चाललीय, मागं तू. २३० पीएसमधले किती पीएस वापरशील?"

तो गप्प बसला.

नंतर बसवता येतं ते आणि बसवता येत नाही ते

दुसरा नियम मी स्वतः मार खाऊन शिकलोय, त्यामुळं हा कान देऊन वाचा.

बीबीए झालं, दुकान चालायला लागलं, तेव्हा मी चारचाकी घ्यायची ठरवली. दुकानाचं सामानही आणता येईल, घरच्यांनाही फिरवता येईल. शोरूममध्ये गेलो बेस मॉडेल घ्यायला आणि बाहेर आलो टॉप मॉडेल बुक करून. फरक होता २ लाख ७५ हजार. सेल्समननं सांगितलं, "सर, हप्त्यात फक्त पावणेसहा हजारांचा फरक पडतो."

"फक्त" हा शब्द आला की सावध व्हायचं, हे तेव्हा कळत नव्हतं. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांत ते २ लाख ७५ हजार जवळपास ३ लाख ४६ हजार झाले. त्यात काय मिळालं? सनरूफ, मोठा स्क्रीन, अलॉय चाकं, लेदरसारखी सीट. सनरूफ मी पाच वर्षांत किती वेळा उघडलं? आमच्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहे. पोरानं हट्ट केला तेव्हा दोनदा. सीटवर पाइप फिटिंगच्या गोण्या टाकून टाकून ती फाटली.

आणि खरा फटका वेगळाच. त्याच वर्षी रब्बीला मोटारींची मागणी चढली आणि माझ्याकडं माल भरायला रोकड नव्हती. गिऱ्हाईक दारातून परत गेलं. काही जण त्यानंतर कधी आलेच नाहीत. मी सनरूफचे पैसे दिले नव्हते, मित्रांनो. मी माझ्या दुकानातल्या मालाचे पैसे सनरूफला दिले होते.

तेव्हापासून कुठलीही वस्तू घेताना मी वहीचं पान मधोमध दुमडतो. डावीकडं लिहितो, नंतर बसवता येणार नाही ते. उजवीकडं लिहितो, नंतर बसवता येईल ते.

गाडीत डावीकडं काय येतं? इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेकची मूळ रचना, एअरबॅग, जमिनीपासूनची उंची, बॉडीची लांबी, वजन उचलायची क्षमता. उजवीकडं? सीट कव्हर, म्युझिक, अलॉय, कॅमेरा, स्टिकर.

मग साधा हिशोब. डावीकडच्या गोष्टी तुमच्या कामाला लागत असतील तर त्यासाठी वरचं व्हर्जन घ्या, कंजूसपणा करू नका. उजवीकडच्या गोष्टींसाठी व्हर्जन बदलू नका. लागल्या तर पुढच्या दिवाळीत बसवा.

आणि इथं आरएसला न्याय द्यायला पाहिजे. आरएसच्या नऊ लाखांत बराचसा माल डाव्या बाजूचा होता. साध्या ऑक्टाव्हियाला नंतर बिल्ला लावता येतो, पण आरएसचे ब्रेक, सस्पेन्शन, इंजिन हे सगळं कंपनीनं एकमेकांना जुळवून दिलेलं असतं. तसं बाहेरून जमवायला गेलं तर खर्च जास्त, भरवसा कमी. म्हणजे आरएस घेणारा मूर्ख नाही. ज्याला तसं चालवायचंय, त्याच्यासाठी ते पैसे योग्यच आहेत. माझ्या सनरूफपेक्षा कितीतरी योग्य.

प्रश्न एवढाच, की आपल्या मुलाला त्यातलं काय लागणार होतं?

"फक्त १०० गाड्या"

"पण सर, या गाड्या कमी आहेत. पुढं भाव वाढेल. इन्व्हेस्टमेंट होईल," तो म्हणाला.

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, प्लॉटबद्दल, सोन्याबद्दल, आता गाडीबद्दल. मी त्याला पोर्शेचाच किस्सा सांगितला. २०१६ मध्ये त्यांनी ९११ आर नावाची गाडी काढली. फक्त ९९१ गाड्या. ५०० पीएस, हातानं टाकायचा गिअर, मागं मोठा पंख नाही. लोक वेडे झाले. जुन्या बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी वर भाव गेला. पुढच्याच वर्षी कंपनीनं जीटी३ टूरिंग आणली. तीही ५०० पीएसची, गिअर हातानं टाकायचा आणि मागं पंख नाही. हिला संख्येची मर्यादा नाही. आरचे चढलेले भाव खाली आले. ज्यांनी चालवायला घेतली होती त्यांना फरक पडला नाही. ज्यांनी भाव चढेल म्हणून वरच्या भावात घेतली होती, ते बसले कपाळाला हात लावून.

कमी संख्या हा कंपनीच्या हातातला नळ असतो. आज बंद, उद्या चालू. भारतात वर्षाला ठरावीक संख्येपर्यंत परदेशी गाड्या इथली वेगळी मान्यता-चाचणी न करता आणायची सवलत आहे, म्हणूनच या शंभर-दोनशे गाड्यांच्या खेपा येऊ शकतात. उद्या आणखी ताकदीची खेप आली तर तुमच्या "दुर्मीळ" गाडीला कोण विचारतंय?

मग आम्ही वही उघडली

गप्पा झाल्या, आता आकडे. त्याच्याच वहीतले.

दोन पिकअपमधून डिझेल, ड्रायव्हर, टायर, दुरुस्ती जाऊन वर्षभराच्या सरासरीनं महिन्याला ४४ हजार उरत होते. दुसऱ्या पिकअपचा हप्ता १४ हजार. हातात ३० हजार.

आरएस २१ लाखांना. सहा लाख स्वतःचे, १५ लाख कर्ज. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त असतं, समजा १२ टक्के, पाच वर्षं. हप्ता ३३ हजार ३६७ रुपये.

हातात ३०, हप्ता ३३. विम्याचा, पेट्रोलचा, टायरचा एक रुपया न धरता. पाच वर्षांत १५ लाखांचे २० लाख भरायचे. आणि पाच वर्षांनी गाडी तेरा वर्षांची.

मग मी त्याला सप्टेंबरचं पान उघडायला लावलं. २०२५ च्या सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्याचं काय केलं ते मी सांगायला नको. सिंदफणेच्या काठानं शेतं वाहून गेली. माल नाही तर भाडं कुठलं? त्याची एक पिकअप तीन आठवडे दारात उभी होती. त्या महिन्यात ४४ च्या जागी १९ हजार आले. हप्ता गेला, आणि बँकेतले सहा लाख तसेच होते.

"ते सहा लाख गाडीत गेले असते तर?" मी विचारलं.

त्यानं उत्तर दिलं नाही. पान बघत राहिला. नंतर म्हणाला, "पिकअप विकावी लागली असती, सर."

मित्रांनो, त्याचा धंदा एका गाडीच्या व्हर्जनवर टांगलेला होता. आपण व्हर्जन निवडतो तेव्हा फक्त वस्तू निवडत नाही. पुढच्या वाईट महिन्यात आपल्याकडं काय उरणार, तेही निवडतो.

टॅक्सचीही एक बाजू आहे, ती लक्षात ठेवा. साध्या प्रवासी कारवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट बहुतेक धंद्यांना मिळत नाही. गाड्या विकणं, प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग स्कूल असे मोजके अपवाद. मालवाहू गाडीला तो अडसर नाही. तुमची नोंदणी आणि कर भरायची पद्धत नियमात बसत असेल तर क्रेडिट मिळू शकतं. आयकरात कारला १५ टक्के घसारा आणि भाड्यानं चालणाऱ्या मालवाहू गाडीला ३० टक्के. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. आपल्या सीएसमोर बसून हे एकदा समजून घ्या, पण गाडी घ्यायच्या आधी. नंतर सीए फक्त सांत्वन करतो.

हौस करायचीच नाही का?

करायची की! आपल्या संभाजीनगरातल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. साधारण ६५ कोटींचा व्यवहार. देशभर चर्चा झाली. पण त्यात आपल्यासाठी धडा मर्सिडीजचा नाही, एकत्र जाण्याचा आहे. एकेकटे गेले असते तर एकेकटे गिऱ्हाईक. दीडशे जण मिळून गेले, तेव्हा कंपनी आणि बँक दोघंही त्यांच्याशी वेगळं बोलले. आणि ती मंडळी आधी धंदा उभा करून मग शोरूमला गेली होती.

हौस हा खर्चच आहे आणि खर्च म्हणूनच वहीत लिहायचा. "ब्रँडिंग होईल", "इन्व्हेस्टमेंट आहे", "गिऱ्हाईकावर छाप पडेल" असं नाव बदलून नाही. कांदा पाठवणारा शेतकरी तुमची आरएस बघून भाडं वाढवून देत नाही. उलट म्हणतो, "लई कमावलं वाटतं, जरा कमी घ्या की."

तुम्ही विकणारे असाल तर

आतापर्यंत घेणाऱ्याच्या बाजूनं बोललो. पण तुम्ही उद्या विकणार आहात. मसाले, टेलरिंग, केक, मोबाइल दुरुस्ती, काहीही. तुम्हालाही व्हर्जन काढावी लागतील. तेव्हा तीन गोष्टी पाळा.

एक, प्रत्येक व्हर्जनसमोर एक माणूस उभा करा. माझ्या दुकानात सबमर्सिबलची तीन पॅकेज आहेत. नुसता पंप-मोटार : ज्याच्याकडं केबल, स्टार्टर आधीच आहे त्याच्यासाठी. पंप, केबल, स्टार्टर : नवीन बोअरवाल्यासाठी. आणि तिसरं, सोडून, जोडून, वर्षात दोनदा येऊन तपासून देण्याचं : ज्याची शेती इथं आणि नोकरी पुण्याला आहे त्याच्यासाठी. तिसरं महाग आहे, पण ते घेणारा कधी घासाघीस करत नाही.

दोन, गरजेची गोष्ट वरच्या व्हर्जनमध्ये कोंडून ठेवू नका. पंप कोरडा चालला तर बंद करणारं संरक्षण मी स्टार्टर असलेल्या प्रत्येक पॅकेजमध्ये देतो. ते फक्त महागात दिलं असतं तर थोडे पैसे जास्त मिळाले असते, पण स्वस्तवाल्याची मोटार जळली असती आणि गावभर नाव माझं झालं असतं.

तीन, चारच्या वर व्हर्जन करू नका. गिऱ्हाईक गोंधळलं की "घरी विचारून येतो" म्हणतं. आणि घरी विचारायला गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

शेवटी काय झालं?

त्यानं आरएस घेतली नाही. साधी १.८ पण घेतली नाही. दोन आठवड्यांनी तिसऱ्या पिकअपचा कागद घेऊन आला आणि हसत म्हणाला, "सर, आता हिचं व्हर्जन सांगा."

मी काही सांगितलं नाही. वही त्याच्याकडं सरकवली. त्यानं पान मधोमध दुमडलं. डावीकडं लिहिलं: बॉडीची लांबी, किती टन उचलते, पाटे. उजवीकडं: टेप, सीट, पुढचं ग्रिल. कांद्याच्या गोण्यांना लांब बॉडी लागते, ती नंतर वाढवता येत नाही. म्हणून बॉडी आणि वजनात त्यानं वरचं व्हर्जन घेतलं. बाकी सगळं साधं. अडीच लाख भरले, आठ लाखांचं कर्ज. समजा ११ टक्के धरलं तर पाच वर्षांसाठी हप्ता १७ हजार ३९४. एका पिकअपला सरासरी २२ हजार उरतात, म्हणजे हप्ता जाऊन साडेचार हजार. फार नाही. पण गाडी स्वतःचा हप्ता स्वतः ओढते आणि बँकेत साडेतीन लाख शिल्लक आहेत. पुढचा सप्टेंबर आला तर आला.

परवा ती पिकअप दुकानासमोर उभी होती. मागच्या फळीवर पेंटरकडून मोठ्या लाल अक्षरांत लिहून घेतलंय: आरएस.

मी विचारलं, "हे काय?"

म्हणाला, "रोज समोर दिसलं पाहिजे, सर. तीन वर्षांनी घेणार आहे. रोख."

घेईल असं मला वाटतंय. आणि तेव्हा त्यानं ती घेतली तर मी पहिला पेढा खाईन, कारण तेव्हा हप्ता भरायला पिकअप विकायची वेळ येणार नाही.

या आठवड्याचं काम

तुम्ही सध्या जी मोठी वस्तू घ्यायच्या विचारात आहात, मग ती शिलाई मशीन असो, डीप फ्रीझर, गिरणी, टेम्पो किंवा लॅपटॉप, तिच्या दोन व्हर्जनची कोटेशन आणा. मग चार ओळी लिहा:

१. माझं काम रोज किती आणि कसं आहे? आकड्यात लिहा, अंदाजानं नाही.
२. दोन व्हर्जनमधला फरक किती रुपयांचा, आणि हप्त्यानं घेतला तर पाच वर्षांत किती?
३. त्या फरकातलं काय नंतर बसवता येईल आणि काय येणार नाही? बिघडलं तर दुरुस्ती किती किलोमीटरवर?
४. गेल्या वर्षातला माझा सगळ्यात वाईट महिना कोणता, आणि तो परत आला तर हप्ता कशातून जाईल?

चौथी ओळ लिहिताना हात थांबला, तर कोटेशन तसंच ठेवा आणि आधी ती ओळ पूर्ण करा. दुकानवाला कुठं जात नाही. मी स्वतः दुकानवाला आहे, सांगतोय ना!

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, वही लिहीत राहा.